रिमोट सायनिंगची लायब्ररी ओपन सोर्स करायची तर: इंटरफेसपासून रिलीजपर्यंत

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी इकडं जी पोरं-पोरी छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नाहीतर घरून काम करायलेत, त्यांच्याकडं ई-टेंडर, पतसंस्था, ग्रामपंचायत, सीए लोकांची रिटर्न असली कामं लई येतात आणि त्यातल्या बहुतेक कामांत कुठंतरी डिजिटल सही येतेच. मग होतं काय, सहीचा तोच कोड प्रत्येक जण आपापल्या प्रोजेक्टात नव्यानं लिहीत बसतो, कुणाचा बरोबर असतो तर कुणाचा बऱ्यापैकी बरोबर, आणि सहीच्या कामात बऱ्यापैकी बरोबर चालत नाही. म्हणून तुमच्याकडं रिमोट सायनिंगचा चालता कोड असंल तर तो बाहेर काढा, दहा डोळे त्याच्यावरून फिरू द्या. फक्त ही काही तारीख निवडायच्या विजेटची लायब्ररी नाही, हिच्यात गडबड झाली तर दुसऱ्याच्या नावानं सही होते, त्यामुळं काढायची पद्धत नीट पाहिजे. ती पायरी-पायरीनं सांगतो.

आधी एक मिनिट, रिमोट सायनिंग म्हंजे नेमकं काय ते. ग्रामपंचायतीत बघा. ई-ग्रामस्वराजवरून पेमेंट काढायचं तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचंही डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) लागतं, ते ठेवायचे यूएसबी डोंगल दोघांचे वेगळे, आणि ज्याचा डोंगल त्यानंच सांभाळायचा. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमधी असतात आणि पिन कागदाच्या चिठ्ठीवर लिहून डोंगललाच चिकटवलेला असतो. चावी हातोहात फिरायला लागली की सही खरी कुणी केली हे कुणालाच सांगता येत नाही. रिमोट सायनिंगमधी चावी फिरत नाही. ती एचएसएममधी (चावी आत कोंडून ठेवणारं हार्डवेअर) किंवा क्लाउडच्या केएमएसमधी (चाव्या सांभाळणारी सेवा) एका जागी बसलेली असते, तुमचं ॲप्लिकेशन तिच्याकडं फक्त डायजेस्ट पाठवतं, म्हंजे डॉक्युमेंटचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा), आणि तिकडून सही परत येते. आधारवालं ई-साइन, जे २०१५ साली आलं, ते याच तत्त्वावर चालतं, डॉक्युमेंट तुमच्याकडंच राहतं आणि सेवा देणाऱ्याकडं फक्त हॅश जातो.

हे इथंच स्पष्ट करून टाकतो: तुमच्या लायब्ररीनं केलेली सही गणिती दृष्ट्या कितीही पक्की असली तरी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली जी डिजिटल सही धरली जाते तिला लायसन्सवाल्या सर्टिफायिंग ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट लागतं. हे वाक्य रीडमीमधी पहिल्या पानावर टाका, नाहीतर कुणीतरी ही लायब्ररी लावून टेंडर भरायला जाईल.

पायरी १: लायब्ररी काय करणार नाही ते लिहून काढा

कोडला हात लावायच्या आधी एक कागद घ्या. ही लायब्ररी प्रायव्हेट की (सही करायची गुप्त चावी) कधीच मेमरीत आणणार नाही. चावी तयार करणार नाही, डिलीट करणार नाही, रोटेट करणार नाही. डॉक्युमेंटचा फॉरमॅट, पीडीएफ, एक्सएमएल, यातलं काहीही ती समजून घेणार नाही. एन्क्रिप्शन करणार नाही.

लोक मागतातच. 'भाऊ, चावी बनवायचं फंक्शन पण टाका ना, सोपं पडंल.' नाही टाकायचं. चावी बनवायची परवानगी आणि सही करायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ज्या सर्व्हरवर तुमची लायब्ररी चालणार त्या सर्व्हरला फक्त दुसरी मिळाली पाहिजे. एडब्ल्यूएसच्या केएमएसमधी बघितलं तर चावी डिलीट करायला ७ ते ३० दिवसांचा वेटिंग पिरियड ठेवलेला आहे, इतकी ती गोष्ट गंभीर धरलेली आहे. तुमच्या लायब्ररीला फक्त दोन परवानग्या लागल्या पाहिजेत, पब्लिक की (सही तपासायची उघडी चावी) वाचायची आणि सही करायची. तिसरी लागली तर डिझाइन परत बघा.

पायरी २: इंटरफेस छोटा ठेवा

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण गो भाषेतलं आहे. तिथल्या स्टँडर्ड लायब्ररीत क्रिप्टो डॉट सायनर नावाचा इंटरफेस आहे, त्यात दोनच मेथड, एक पब्लिक की देते आणि दुसरी डायजेस्ट घेऊन सही देते. बस. चावी फायलीत आहे, डोंगलमधी आहे का मुंबईच्या क्लाउडमधी आहे, हे वापरणाऱ्याला कळायची गरजच पडत नाही, आणि म्हणूनच टीएलएसचा (वेबचं सुरक्षित कनेक्शन) कोड जसाच्या तसा एचएसएमबरोबर चालतो. तुम्ही पायथन, जावा, रस्ट कशातही लिहा, आकार हाच ठेवा, आणि तुमच्या भाषेत असला इंटरफेस आधीच असंल तर नवा काढू नका, तोच वापरा.

आता इथं एक खरा निर्णय घ्यावा लागतो. इनपुट म्हणून मेसेज घ्यायचा का डायजेस्ट? नुसता डायजेस्ट घेतला तर वापरणारा कुठलेही ३२ बाइट देऊ शकतो आणि तुमची लायब्ररी त्याच्यावर सही करून मोकळी होईल, म्हंजे कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही केल्यासारखं झालं. माझं मत असं आहे की बाहेरच्या लोकांना दिसणारी मुख्य मेथड मेसेज घेणारी ठेवा, हॅश आतमधी तुमच्या प्रोसेसमधीच करा आणि तिकडं डायजेस्टच पाठवा. डायजेस्ट घेणारी मेथड पण लागते, मोठ्या फायलींना आणि टीएलएसला ती लागतेच, पण तिचं नाव असं ठेवा की वापरणाऱ्याला दोनदा विचार करावा लागंल, आणि डायजेस्टची लांबी हॅश अल्गोरिदमशी जुळत नसंल तर तिथल्या तिथं एरर द्या.

एडब्ल्यूएस वापरत असाल तर इथं एक खड्डा आहे. त्यांच्या साइन कॉलमधी मेसेजचा प्रकार सांगावा लागतो, आणि सांगितला नाही तर तो 'रॉ' धरला जातो. म्हंजे तुम्ही आधीच हॅश करून पाठवला आणि प्रकार सांगायचा राहिला, तर ते तुमच्या हॅशचा परत हॅश करतात. सही येते, एरर काहीच नाही, फक्त ती कुठंच व्हेरिफाय होत नाही. रॉ मेसेजला ४०९६ बाइटची मर्यादा पण आहे, छोट्या टेस्टमधी सगळं पास होतं आणि खरं डॉक्युमेंट आलं की बंद पडतं. एडी-२५५१९ नावाची चावी सोडली तर (तिचं पायरी ३ मधी येतं) लायब्ररीनं प्रकार कायम 'डायजेस्ट' असाच पाठवावा, वापरणाऱ्यावर सोडू नये.

पायरी ३: बॅकएंड जोडा, आणि सहीच्या बाइट्सकडं नीट बघा

लायब्ररीची खरी किंमत इथं आहे. सगळे बॅकएंड, म्हंजे चावी जिथं बसते त्या सेवा आणि यंत्रं, एकच काम करतात पण सही वेगवेगळ्या कपड्यांत देतात आणि सगळी भांडणं तिथंच होतात.

पी-२५६ कर्व्हवरची ईसीडीएसए (सहीची एक गणिती पद्धत) सही म्हंजे दोन मोठे आकडे, आर आणि एस, प्रत्येकी ३२ बाइटचे. एडब्ल्यूएस आणि गूगलचं क्लाउड केएमएस हे दोन आकडे डीईआर नावाच्या पॅकिंगमधी देतात. अझूर की व्हॉल्ट मात्र दोन्ही आकडे एकाला एक चिकटवून सरळ ६४ बाइट देतं. पीकेसीएस-११ (असल्या हार्डवेअरशी बोलायचं स्टँडर्ड) वाले एचएसएम आणि डोंगल पण ६४ बाइटच देतात. व्हॉल्ट या गुपितं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं ट्रान्झिट इंजिन डीईआर देतं पण बेस-६४ करून, आणि त्याच्यापुढं स्वतःचं नाव आणि चावीचं व्हर्जन लावून देतं, ते कापून काढावं लागतं.

डीईआर सही हेक्समधी उघडून बघा एकदा, भीती जाते. सुरुवात कित्येकदा अशी दिसते: ३० ४५ ०२ २१ ००. पहिला ३० म्हंजे 'आत एकापेक्षा जास्त वस्तू आहेत'. ४५ म्हंजे पुढं ६९ बाइट आहेत, हेक्स आहे हे विसरू नका. ०२ म्हंजे इंटीजर, २१ म्हंजे त्याची लांबी ३३ बाइट. आर तर ३२ बाइटचा होता, मग ३३ कामून? कारण डीईआरमधी इंटीजरला निगेटिव्ह-पॉझिटिव्ह असतं, पहिल्या बाइटची वरची बिट १ असली की तो आकडा निगेटिव्ह वाचला जातो, तसं होऊ नये म्हणून पुढं एक ०० लावतात. म्हणून एकाच चावीची सही कधी ७० बाइट, कधी ७१, कधी ७२ येते आणि नवीन माणूस म्हणतो काहीतरी बिघडलं. काही बिघडलं नाही, लांबी बदलणारच.

आता याची उलटी बाजू, आणि मला वाटतं ही एवढी एक गोष्ट वाचून गेलात तरी लेख कामी आला. आकडा लहान निघाला तर डीईआर पुढचे शून्य टाकून देतं, मग तो ३१ बाइटचाच येतो. डीईआरवरून ६४ बाइटचं रूप करताना तुम्ही डावीकडं शून्य भरले नाहीत तर सही ६३ बाइटची होते, नाहीतर एसचा पहिला बाइट आरच्या घरात जाऊन बसतो. पी-२५६ वर दोघांपैकी एक तरी असा लहान निघायची शक्यता साधारण २५६ मधी १ आहे. म्हंजे तुमच्या हातानं केलेल्या पाच-दहा टेस्ट आरामात पास होणार, डेमो पण छान होणार, आणि प्रोडक्शनवर दिवसाला हजार सह्या व्हायला लागल्या की त्यातल्या तीन-चार कुठलंही कारण न देता फेल जाणार. उपाय साधा आहे: आतमधी कायम आर आणि एस हे आकडे म्हणूनच ठेवा, बाहेर देताना कर्व्हच्या रुंदीएवढे बाइट भरून द्या, आणि बाहेरचा फॉरमॅट कोणता ते वापरणाऱ्याला स्पष्ट मागायला लावा. जेडब्ल्यूटीला (वेब लॉगिनचं सही केलेलं टोकन) ६४ बाइटवाला लागतो, सर्टिफिकेटला डीईआर लागतो, यात अंदाज चालत नाही.

पीकेसीएस-११ करणार असाल तर अजून थोडा वेळ राखून ठेवा. प्रत्येक डोंगलवाल्याचा ड्रायव्हर थोडा वेगळा वागतो. पब्लिक कीचा पॉइंट स्टँडर्डप्रमाणं ऑक्टेट स्ट्रिंगमधी गुंडाळून यायला पाहिजे, काही ड्रायव्हर तसा देतात, काही नुसताच देतात, तुमच्या कोडला दोन्ही वाचता आलं पाहिजे. एकच सेशन दोन थ्रेडमधून वापरू नका, सेशनचा पूल करा. आणि पिन चुकीचा असंल तर आपोआप रिट्राय अजिबात नको, कारण ठरावीक चुकांनंतर डोंगल लॉक होतो आणि मग तो घेऊन माणसाला पार तालुक्याला जावं लागतं, एका लूपपायी.

ब्लॉकचेनवाली पोरं सेक-पी-२५६-के-१ नावाची कर्व्ह मागतात. एडब्ल्यूएसवर ही कर्व्ह आहे, गूगल आणि अझूरवर पण आहे, पण इथेरियमला दोन गोष्टी जास्तीच्या लागतात ज्या केएमएस देत नाही. एक, एस हा कर्व्हच्या ऑर्डरच्या (त्या कर्व्हचा ठरलेला एक मोठा आकडा) निम्म्यापेक्षा मोठा चालत नाही, हा नियम २०१६ च्या होमस्टेड अपग्रेडपासून आहे. एस मोठा आला तर ऑर्डरमधून एस वजा करा, सही तितकीच खरी राहते. साधारण निम्म्या वेळा हे करावं लागतं. दुसरी गोष्ट रिकव्हरी आयडी, म्हंजे सहीवरून नेमकी पब्लिक की काढायला लागणारी खूण. तो केएमएसकडून येतच नाही, म्हणून ० आणि १ दोन्ही लावून सहीवरून पब्लिक की काढायची आणि जी आपल्या चावीशी जुळंल ती धरायची. क्रम लक्षात ठेवा, आधी एस बारीक करा मग रिकव्हरी आयडी काढा. उलटं केलंत तर आयडी चुकतो, कारण एस पलटला की तो पण पलटतो.

एडी-२५५१९ या सहीच्या पद्धतीची गोष्ट वेगळी आहे. आरएफसी ८०३२ प्रमाणं तिच्या साध्या रूपाला आख्खा मेसेज लागतो, आधी हॅश करून चालत नाही, आणि प्री-हॅश वाली आवृत्ती ही वेगळीच सही आहे, एकीची दुसरीकडं व्हेरिफाय होणार नाही. म्हणून डायजेस्ट घेणाऱ्या मेथडला ही चावी दिली तर सरळ नकार द्या. आरएसए-पीएसएस या पद्धतीत फक्त सॉल्टची (सहीत मिसळलेले रँडम बाइट) लांबी बघा, ती हॅशच्या लांबीएवढी ठेवणं सगळीकडं चालतं.

पायरी ४: सही हातात आली की लगेच तपासा

बॅकएंडकडून आलेली प्रत्येक सही परत द्यायच्या आधी पब्लिक कीनं व्हेरिफाय करा. लोक म्हणतात उगाच वेळ जातो. इथून मुंबई किंवा हैदराबादच्या क्लाउड रीजनला जाऊन यायला जितका वेळ लागतो त्याच्यापुढं व्हेरिफिकेशनचा वेळ काहीच नाही. बदल्यात काय मिळतं? डबल हॅशचा घोळ, फॉरमॅटचा घोळ, वाटेत बिघडलेला रिस्पॉन्स, सगळं तिथंच पकडलं जातं.

आणि पब्लिक कीचा फिंगरप्रिंट (तिचा हॅश) कॉन्फिगमधी लिहायची सोय द्या. केएमएसमधी चावीला टोपणनाव देता येतं आणि ते टोपणनाव कुणीही परवानगीवाला दुसऱ्या चावीकडं वळवू शकतो. फिंगरप्रिंट बांधलेला असला की लायब्ररी सुरू होतानाच ओरडंल की ही ती चावी नाही.

पायरी ५: टाइमआउट, रिट्राय आणि लॉग

आपल्याकडं नेट जातं, लाइट जाते, हे धरूनच लिहा. पण रिट्राय सगळीकडं सारखा नसतो. सर्व्हिसनं 'जरा थांब, लई रिक्वेस्ट आल्या' असं सांगितलं तर थांबून, दरवेळी थांबायचा वेळ वाढवत आणि त्यात थोडा रँडम फरक ठेवून परत मागा. परवानगी नाही असं सांगितलं तर परत मागू नका. टाइमआउट झाला तर मात्र खरी पंचाईत: तिकडं सही झाली का नाही हे तुम्हाला माहीत नसतं. साध्या डॉक्युमेंटला परत मागितलं तर बहुतेक काही बिघडत नाही, ईसीडीएसएमधी प्रत्येक वेळी वेगळी सही येऊ शकते एवढंच. पण ब्लॉकचेनच्या व्हॅलिडेटरला (ब्लॉक खरे म्हणून सही करणारा) एकाच स्लॉटवर दोन वेगळ्या गोष्टींवर सही झाली तर दंड बसतो, पैसे कापले जातात. वेब-३-सायनर, टेंडरमिंट केएमएस असली टूल्स म्हणूनच आधी कशावर सही केली त्याची नोंद ठेवतात. तुमच्या लायब्ररीत ती नोंद नसंल तर व्हॅलिडेटरसाठी वापरू नका असं ठळक लिहा, आणि रिट्राय बंद करायचं बटण द्या.

लॉगमधी चावीचा आयडी, अल्गोरिदम, किती वेळ लागला, रिक्वेस्ट आयडी, एवढंच. मेसेज नको, पिन नको, टोकन तर नकोच. एरर ऑब्जेक्ट छापताना आतली आख्खी रिक्वेस्ट हेडरसकट छापली जाते का ते मुद्दाम तपासा, गुपितं बहुतेक तिथूनच गळतात.

पायरी ६: टेस्ट

क्लाउडचं बिल न भरता पण चांगली टेस्ट होते, त्यामुळं नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर बसलेल्या पोरालाही यात हातभार लावता येतो. पीकेसीएस-११ साठी सॉफ्ट-एचएसएम आहे, फुकट, लॅपटॉपवर चालतं. ट्रान्झिटसाठी ओपन-बाओ चालवा, व्हॉल्टचं लायसन्स २०२३ मधी बदलल्यावर निघालेला फोर्क आहे तो. आणि गूगलच्या लोकांनी सुरू केलेला वायचप्रूफ नावाचा टेस्ट व्हेक्टरचा संच आहे, त्यात मुद्दाम वाकड्या केलेल्या सह्या भरलेल्या आहेत, शून्य आर, शून्य एस, जास्तीचे बाइट जोडलेलं डीईआर. तुमचा व्हेरिफायर आणि डीईआर वाचणारा कोड त्याच्यावरून गेलाच पाहिजे. हे उगाच नाही सांगत, २०२२ मधी जावाच्या १५ ते १८ या आवृत्त्यांत आर आणि एस दोन्ही शून्य असलेली ईसीडीएसए सही खरी म्हणून पास व्हायची, सीव्हीई-२०२२-२१४४९ (सीव्हीई म्हंजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा नंबर) म्हणून बघा. इतक्या मोठ्या प्रोजेक्टात झालं.

वर सांगितलेल्या ६३ बाइटच्या घोळासाठी एक वेगळी टेस्ट लिहा: लोकल चावीनं काही हजार सह्या करा, प्रत्येक डीईआरमधून ६४ बाइटमधी आणि परत डीईआरमधी न्या, दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. काही सेकंदांत होते.

खऱ्या क्लाउडवरची टेस्ट फक्त मुख्य ब्रँचवर चालवा. बाहेरच्या माणसाच्या पुल रिक्वेस्टवर तुमच्या चावीची परवानगी असलेली टेस्ट कधीच चालू द्यायची नाही, तो टेस्टच्या फायलीतच हवं ते लिहून तुमच्या चावीनं सही काढून घेऊ शकतो.

पायरी ७: लायसन्स, आणि त्याच्या आधी मालकी

नोकरी करत असताना, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसंल तर, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणं मालकाचा असतो. तुमच्या ऑफर लेटरमधी त्याच्याहूनही रुंद कलम असू शकतं. त्यामुळं आधी कंपनीकडून ईमेलवर लेखी परवानगी घ्या, तोंडी 'हो टाक की' पुरत नाही. आणि क्लायंटचा कोड असंल तर क्लायंटची पण.

लायसन्स मी अपाची २.० सुचवतो. एमआयटी छोटं आहे, चांगलं आहे, पण अपाचीमधी पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे आणि क्रिप्टोच्या कामात मोठ्या कंपनीचा वकील पहिलं तेच बघतो.

मग हिस्ट्री. ऑफिसचा रेपो जसाच्या तसा पब्लिक करू नका. दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी कमिटमधी टेस्ट चावी, सर्व्हरचा पत्ता, क्लायंटचं नाव बसलेलं असतंय. सीक्रेट शोधणारं टूल चालवा आणि तरी नवा रेपो काढून स्वच्छ पहिल्या कमिटनं सुरुवात करा, जुन्या हिस्ट्रीचा मोह धरू नका. एखादी चावी किंवा टोकन एकदा जरी कमिट झालं असंल तर पुसून भागत नाही, ते रद्द करून नवीनच काढावं लागतं.

पायरी ८: रिलीजची पाइपलाइन

इथं बहुतेक जण ढिले पडतात. आख्खी लायब्ररी दुसऱ्याची चावी सुरक्षित ठेवायला लिहिली आणि तिचं पॅकेज मात्र स्वतःच्या लॅपटॉपवरून, वर्षानुवर्षं चालणाऱ्या टोकननं अपलोड केलं, असं बघायला मिळतं. ज्याला त्या टोकनचा ताबा मिळाला त्याला तुमच्या सगळ्या वापरणाऱ्यांच्या चाव्यांवर सही मागायचा रस्ता मिळाला, एचएसएम फोडायची त्याला गरजच नाही.

मार्च २०२४ मधी एक्सझेड-युटिल्स या फायली दाबायच्या टूलमधी सापडलेलं बॅकडोर आठवा. गिटमधला कोड आणि रिलीजच्या टारबॉलमधला (कोडची बांधलेली फाइल) कोड यात फरक होता, आणि हल्ला सुरू करणारा तुकडा त्या फरकातच लपवला होता. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला जरासा जास्त वेळ लागायला लागला म्हणून त्यांनी खोदलं आणि ते सापडलं. म्हणून पहिला नियम, पॅकेज कुणाच्याही लॅपटॉपवर बनवायचं नाही, टॅगवरून सीआयमधीच (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) बनलं पाहिजे, तुमच्या लॅपटॉपवर सुद्धा नाही.

टोकनच ठेवू नका. पायथन पॅकेजच्या पायपीआयनं एप्रिल २०२३ मधी ट्रस्टेड पब्लिशिंग सुरू केलं, त्यात सीआयला त्या वेळेपुरती ओळख मिळते आणि कायमचं टोकन कुठंच साठवावं लागत नाही. एनपीएम (जावास्क्रिप्टचं) आणि क्रेट्स-आयओवर (रस्टचं) पण ती सोय २०२५ मधी आली. क्लाउडच्या टेस्टसाठीसुद्धा हीच पद्धत वापरा.

सीआयमधी दुसऱ्यांच्या ॲक्शन (गिटहबवरचे तयार तुकडे) वापरता त्या टॅगनं नाही तर पूर्ण कमिट हॅशनं बांधा. मार्च २०२५ मधी टीजे-ॲक्शन्सच्या एका लोकप्रिय ॲक्शनचे जुने टॅग फिरवून त्यात सीक्रेट लॉगमधी ओतणारा कोड घातला गेला होता. ज्यांनी हॅश बांधला होता त्यांचं काही वाकडं झालं नाही. रिलीजचा जॉब वेगळा ठेवा, त्याला दुसऱ्या एका माणसाची मंजुरी लागू द्या. टॅगवर सही करा, गिट २.३४ पासून एसएसएच चावीनंही होते, जीपीजीची कटकट नको असंल तर ती वापरा. पायथनचं पॅकेज असंल तर अटेस्टेशन चालू ठेवा, म्हंजे हे पॅकेज कोणत्या रेपोच्या कोणत्या वर्कफ्लोनं बनवलं ते वापरणाऱ्याला तपासता येतं. बाकीच्या फायलींसाठी सिगस्टोअरचं कोसाइन हे सही करायचं टूल आहे.

डिपेंडन्सी कमी ठेवा, आणि ही गोष्ट मी अगदी हट्टानं सांगतो. प्रत्येक बॅकएंड वेगळं पॅकेज करा. ज्याला फक्त डोंगल वापरायचाय त्याच्या सर्व्हरवर तीन क्लाउड कंपन्यांचे एसडीके काहून उतरवायचे? मुख्य पॅकेजला शक्यतो एकही बाहेरची डिपेंडन्सी नको.

पायरी ९: सिक्युरिटीची तक्रार कुठं करायची ते आधीच ठरवा

रेपोत सिक्युरिटी डॉट एमडी फाइल टाका आणि गिटहबवरचं प्रायव्हेट व्हल्नरेबिलिटी रिपोर्टिंग चालू करा, ते आपोआप चालू नसतं. किती दिवसांत पोच देणार ते लिहा आणि जमंल तेवढंच लिहा. दुरुस्ती आणि जाहीर करायला ९० दिवसांची मुदत बहुतेक लोक धरतात. सीव्हीई नंबर गिटहबच्या ॲडव्हायजरीतूनच मागता येतो, आपल्याकडं सीईआरटी-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था पण नंबर देतं. आणि ज्यानं कळवलं त्याचं नाव, त्याची हरकत नसंल तर, मानानं छापा.

पायरी १०: पहिली आवृत्ती आणि पुढं

सुरुवात ०.१.० नं करा. रीडमीमधी पहिलं उदाहरण डोंगलचं किंवा सॉफ्ट-एचएसएमचं द्या, क्लाउडचं नको, कारण वाचणाऱ्याकडं क्रेडिट कार्ड असंलच असं नाही. क्लाउडच्या उदाहरणात परवानगीची पॉलिसी जशीच्या तशी, त्या दोनच परवानग्यांसकट, एकाच चावीपुरती बांधलेली द्या. लोक उदाहरणातलीच पॉलिसी उचलून प्रोडक्शनला लावतात, तिथं तारांकन (म्हंजे 'सगळ्या चाव्या') टाकलं तर ते शेकडो सर्व्हरवर तसंच जाऊन बसतं. मराठीतून पण एक सुरुवातीचं पान लिहा, डिप्लोमाच्या पोरांना त्याचा खरंच फायदा होतो.

खराब आवृत्ती गेली तर डिलीट करायच्या मागं लागू नका. पायपीआयवर एकदा वापरलेलं फायलीचं नाव परत वापरता येत नाही, एनपीएमवर ७२ तासांनंतर काढणं अवघड होतं, क्रेट्स-आयओवर यँक (आवृत्ती न पुसता नव्या वापरासाठी बंद) करता येतं. यँक करा, एनपीएमवर असाल तर डेप्रिकेट करा, त्याच दिवशी पॅच आवृत्ती काढा आणि ॲडव्हायजरीत साध्या भाषेत लिहा की कुणाला फटका बसतो आणि त्यानं काय करायचं: नुसतं अपग्रेड पुरतं का आधी केलेल्या सह्या परत तपासाव्या लागतात. फॉरमॅटचा बग आणि चुकीच्या चावीनं सही व्हायचा बग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वाचणाऱ्याला तो पहिल्या दोन ओळींत कळला पाहिजे.

दुसरा मेंटेनर पहिल्या महिन्यातच शोधा. तुम्ही संभाजीनगरला असाल तर तो नांदेडला असू द्या, एकाच ऑफिसातला तर नकोच, कारण कंपनीनं धोरण बदललं की दोघं एकदम गायब होता. पण ताबा देताना घाई नको. २०१८ मधी एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीमचा मूळ लेखक काम सांभाळून थकला होता, मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला त्यानं पब्लिशचा हक्क दिला आणि पुढं त्यातून बिटकॉइन वॉलेट फोडायचा कोड शिरला. आधी काही महिने पुल रिक्वेस्ट, मग रिव्ह्यूचा हक्क, रिलीजच्या मंजुरीचा हक्क सगळ्यात शेवटी. दोघांनीही टू-फॅक्टरसाठी हार्डवेअर की वापरावी आणि रिकव्हरी कोड कागदावर, दोन वेगळ्या घरात.

१.० कधी करायचं हा प्रश्न बरेच जण विचारतात. तुमच्या ओळखीचा नसलेला कुणीतरी, तुम्ही स्वतः कधी न वापरलेल्या एचएसएमवर, फक्त डॉक्युमेंटेशन वाचून लायब्ररी चालवून दाखवंल आणि त्यासाठी इंटरफेसमधी काहीही बदलावं लागणार नाही, तेव्हा करा. तोपर्यंत ०.४, ०.५, ०.६ काढत राहा, त्यात काहीच कमीपणा नाही.